दीड वर्ष झालं, मी अजून एकच जिना काढतेय

पत्र:

ताई, मी कॉलेज संपल्या संपल्या एका खूप नावाजलेल्या आर्किटेक्चर फर्ममध्ये लागले. आमच्या बॅचच्या सगळ्यांनी अप्लाय केलं होतं, घेतलं फक्त मला. पहिले सहा महिने कॉम्पिटिशन टीमला होते, तीन कॉम्पिटिशन केल्या, तिन्ही हरलो, मी फक्त फोमची मॉडेल्स कापली आणि डायग्राम रंगवले. मग एका मोठ्या कल्चरल सेंटरच्या टीमवर टाकलं, तिथे गेलं वर्षभर माझ्याकडे फायर एस्केपचे (आगीत बाहेर पडायचे) जिने आणि टॉयलेटचे कोअर (सगळ्या मजल्यांतून उभे जाणारे भाग) आहेत, म्हणजे खरं तर एकच जिना, तोच सतरा वेळा बदलून. खोदकाम सुरू झालंय पण मी साइट पाहिलेली नाही. रात्रीचे दहा-अकरा नेहमीचेच, शनिवार धरलेलाच असतो. मोठ्या सरांना माझं नाव माहीत नाही, एकदा लिफ्टमध्ये भेटले तर कुणीतरी व्हिजिटर समजले. पोर्टफोलिओत काहीच दाखवायला परवानगी नाही. आता एका नऊ जणांच्या ऑफिसमधून ऑफर आलीय, पगार जवळपास तेवढाच, म्हणतात काही घरं आणि एक छोटी शाळा चालू आहे, सगळं करायला मिळेल, महिन्याभरात कळव. घरचे म्हणतात एवढं नाव सोडून कुठे जातेस. मित्र म्हणतात दीड वर्षात सोडलंस तर टिकली नाही म्हणतील. मला तर आता वाटायला लागलंय की मला डिझाइन येतच नाही. परवा स्ट्रक्चरचं नवीन ड्रॉइंग आलं त्यात एक बीम खाली आलाय आणि माझ्या एका लँडिंगवर (जिन्याच्या मधल्या सपाट जागेवर) हेडरूम, म्हणजे डोक्यावरची मोकळी उंची, १.९५ मीटरच राहतेय, मी पाहिलं पण कुणाला बोलले नाही, मी कोण सांगणारी. काय करू?

— जिन्यात अडकलेली

उत्तर:

अगं जिन्यात अडकलेली,

तू नावाबद्दल आणि लोक काय म्हणतील याबद्दल भरभरून लिहिलंस आणि ‘खोदकाम सुरू झालंय’ हे अर्ध्या वाक्यात उरकलंस. मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे, त्यातली पहिली अडीच अशाच एका बड्या ऑफिसात काढलीत, आणि मला विचारशील तर तुझ्या नोकरीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची बातमी त्या अर्ध्या ओळीत आहे. का ते सांगते, पण आधी जिन्याबद्दल बोलू, कारण तू जिन्याला फार नावं ठेवलीयस.

जिना म्हणजे ज्युनियरच्या गळ्यात मारायचं काम असं तुला वाटतंय, आणि बऱ्याच ऑफिसात ते तसंच गळ्यात मारतात हेही खरं. पण बिल्डिंगमध्ये सगळे कंसल्टंट ज्या एका जागी येऊन एकमेकांवर आदळतात ती जागा म्हणजे फायरचा जिना. समज मजल्याची उंची ४.२ मीटर आहे, १५० मिलिमीटरचा राइझर (एका पायरीची उंची) धरला की २८ राइझर, दोन फ्लाइटमध्ये (लँडिंगच्या अलीकडचा-पलीकडचा टप्पा) चौदा-चौदा, ट्रेड (पाऊल ठेवायची जागा) ३०० चा. सतराव्या शतकात ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टने माणसाच्या पावलावरून हिशोब मांडला होता, दोन राइझर अधिक एक ट्रेड, हा आकडा ६०० च्या आसपास किंवा थोडा वर राहिला की पाय अडखळत नाही, आपण आजही तोच वापरतो. आता एमईपीवाले (एसी, वीज, प्लंबिंग बघणारे) म्हणाले डक्टला जागा पुरत नाही, मजला ४.५ करा. झाले ३० राइझर, प्रत्येक फ्लाइटला एक पायरी वाढली, कोअर ३०० ने लांब झाला. हे ३०० आणायचे कुठून? कॉरिडॉरमधून घेतले तर बाहेर पडायच्या वाटेची रुंदी कमी होते, टॉयलेटच्या शाफ्टमधून घेतले तर पाइप बसत नाहीत, बीम सरकवा म्हटलं तर स्ट्रक्चरवाला ओरडतो, आणि दरवाजा उघडल्यावर त्याची फळी लँडिंगच्या रुंदीत किती घुसते हा वेगळाच तमाशा. तुझा जिना सतरा वेळा बदलला म्हणजे त्या प्रोजेक्टमध्ये सतरा वेळा अशी काहीतरी मारामारी झाली.

त्या सतरापैकी किती वेळा तुला माहीत होतं की जिना का बदलतोय?

मला वाटतं दोन किंवा तीन वेळा. बाकीच्या वेळी संध्याकाळी सहा वाजता मेल आला असणार, लाल रंगाने गोल केलेली पीडीएफ, खाली लिहिलेलं ‘प्लीज अपडेट’. आणि तुझा खरा त्रास हा आहे गं. काम छोटं आहे म्हणून कुणी खचत नाही. कारण न कळता हात चालवत राहिलं की माणूस खचतो, आणि मग वर्षभराने त्याला वाटायला लागतं की आपल्याला डिझाइन येत नाही. तुला डिझाइन येतं की नाही हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही, कारण तुला अजून कुणी निर्णय कसा होतो हे दाखवलेलंच नाही.

म्हणून मोठं ऑफिस की छोटं, नाव की साइट, असा विचार मी करत नाही. माझं माप एकच, कारण तुझ्या टेबलापर्यंत पोचतंय का. पोचत असेल तर टॉयलेटच्या टाइलच्या लेआउटमध्येही दोन वर्षं मजेत जातात, नसेल पोचत तर जगातल्या सगळ्यात सुंदर म्युझियमचा फसाड (दर्शनी भाग) काढलास तरी तू नुसता हात आहेस.

आणि कारण विचारणं हा काही हुशार मुलांचा शौक नाही, त्यावर माणसं जगतात-मरतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १९८१ च्या जुलैमध्ये लॉबीतले टांगलेले पूल कोसळले, ११४ माणसं गेली. डिझाइन नवखं वगैरे काही नव्हतं. मूळ ड्रॉइंगमध्ये वरच्या आणि खालच्या पुलाला धरून ठेवणारी सळई छतापासून खालपर्यंत एकच होती. बनवणाऱ्यांना ती अवघड पडत होती म्हणून एका सळईच्या दोन केल्या, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, तू पटकन बघितलंस तर तुलाही फरक कळणार नाही. पण दुसऱ्या पद्धतीत खालच्या पुलाचं वजनही वरच्या पुलाच्या जोडावर आलं, म्हणजे तिथला भार दुप्पट. ते शॉप ड्रॉइंग, म्हणजे बनवणाऱ्यांनी काढलेलं ड्रॉइंग, मंजूर होऊन गेलं, नीट हिशोब कुणी केलाच नाही. हा बदल का, आणि केल्यावर काय होतं, एवढं विचारणारं एक माणूस त्या साखळीत कुठेही असतं तर कदाचित वाचलं असतं सगळं. ते स्ट्रक्चरल इंजिनियरांचं प्रकरण होतं, आपलं नव्हे, असं आर्किटेक्ट लोक म्हणतात खरे, पण शॉप ड्रॉइंग आपल्याही टेबलावरून जातात. तुझ्या १.९५ कडे मी नंतर येते.

आता नावाबद्दल. तुला ऑफिसात कुणीतरी बेहरेन्सची गोष्ट ऐकवली असेलच, १९१० च्या आसपास पीटर बेहरेन्स या जर्मन आर्किटेक्टच्या बर्लिनजवळच्या ऑफिसात ग्रोपियस, मीस आणि कॉर्बुझिए असे पुढे जगभर गाजलेले तिघेही आर्किटेक्ट काम करून गेले. ही गोष्ट सांगतात ती ‘बघ, मोठ्या माणसाकडे राहावं’ या अर्थाने. पण कॉर्बुझिए तिथे किती दिवस होता माहितीय? पाचेक महिने. ग्रोपियस दोनेक वर्षं. आजचा गाजलेला आर्किटेक्ट बियार्के इंगेल्स रेम कोल्हासच्या ओएमए या फर्ममध्ये १९९८ ते २००१, झाहा हदीद तिथेच पार्टनर झाली आणि तरी थोड्याच वर्षांत स्वतःचं काढून बाहेर पडली. म्हणजे मोठ्या ऑफिसातून मोठी माणसं निघाली हे बरोबर, पण ती निघाली, हे वाक्य लोक अर्धवट सोडतात. आणि त्याच खोलीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या बाकीच्या दहा-पंधरा जणांची नावं तुलाही येत नाहीत आणि मलाही नाहीत.

दोशींचं उदाहरण मला जास्त पटतं. बाळकृष्ण दोशी १९५१ मध्ये पॅरिसला कॉर्बुझिएकडे गेले, सुरुवातीचे काही महिने पगाराशिवाय काम केलं. हा पगाराशिवायचा भाग लोक फार कौतुकाने सांगतात, मला अजिबात आवडत नाही, १९३२ मध्ये फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन आर्किटेक्टने तर आपल्याकडे शिकायला येणाऱ्यांकडून वर्षाला ६५० डॉलर घेतले आणि वर त्यांच्याकडून शेतात आणि स्वयंपाकघरात कामं करून घेतली, म्हणून काय ते आदर्श झालं का. दोशींच्या गोष्टीतला मोलाचा भाग पुढे आहे. १९५४ मध्ये ते परत आले ते कॉर्बुझिएच्या अहमदाबादच्या बिल्डिंगांवर देखरेख करायला. जे पॅरिसमध्ये टेबलावर काढलेलं पाहिलं तेच काँक्रीटमध्ये उभं राहताना पाहिलं, एकाच माणसाने, पाठोपाठ. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर, आर्किटेक्चरमधलं नोबेल म्हणतात ते, मिळालं ते त्यानंतरच्या साठ वर्षांच्या कामाचं, पण पाया तिथला आहे असं मी मानते. आणि म्हणूनच तुझ्या त्या खोदकामाच्या अर्ध्या ओळीवर मी थांबले. तू सतरा वेळा काढलेला जिना आता खरंच ओतला जाणार आहे. तेव्हा तू तिथे असायला हवीस. हे बघायला मिळणार असेल तर रहा, नसेल तर त्या ऑफिसात राहायला मला तरी दुसरं चांगलं कारण दिसत नाही.

माझं सांगते. पहिले अकरा महिने मी कार्डबोर्ड कापलं, एकाच फसाडचे तीस-चाळीस प्रकार, सरांनी येऊन बोटाने हा-हा-हा करायचं, बाकीचे कचऱ्यात. मग एक दिवस असोसिएटला साइट मीटिंगला जायचं होतं, सॅम्पलची खोकी उचलायला माणूस हवा होता म्हणून मला घेऊन गेला. मी खोका घेऊन कोपऱ्यात उभी. तिथे कॉन्ट्रॅक्टरचा फोरमन एका खिडकीखालचा ओघळ दाखवत होता, आतला गिलावा फुगलेला, आणि तो म्हणाला छज्ज्याला खालून खाच ठेवायला पाहिजे होती, पाणी आत वळतंय. तो डिटेल मी काढलेला होता गं! जुन्या प्रोजेक्टच्या फाइलमधून उचलून, आणि ड्रॉइंग गर्दीचं दिसतंय म्हणून ती छोटीशी खाच मीच पुसली होती. असोसिएटने माझ्याकडे बघितलंही नाही कारण त्यालाही आठवत नव्हतं कुणी काढलंय. मला त्या अर्ध्या तासात जेवढं कळलं तेवढं अकरा महिन्यांत कळलं नव्हतं. त्यानंतर मी हट्टाने साइटला जायला लागले, सव्वा वर्ष चांगलं गेलं, अगदी उत्तम गेलं. मग ते प्रोजेक्ट संपलं, मला परत कॉम्पिटिशनला टाकलं, आणि मी आणखी पाच-सहा महिने उगाच बसून राहिले, लोक काय म्हणतील म्हणून. ते महिने पूर्ण वाया गेले, त्यांचं मला आजही वाईट वाटतं.

लोक काय म्हणतात ते आता टेबलाच्या या बाजूने सांगते. माझ्याकडे मुलाखतीला कुणी बड्या फर्ममधून आलं की नावाचा परिणाम होतो, खोटं कशाला बोलू, सीव्ही वरच्या गठ्ठ्यात जातो. पण समोर बसल्यावर दोन मिनिटांत मी विचारते की यातलं तुझं काय. आणि मग जो म्हणतो ‘मी कन्सेप्टला इन्व्हॉल्व होतो’ त्याला मी कागद देते आणि म्हणते त्या बिल्डिंगच्या बाहेरच्या भिंतीचा सेक्शन (उभा छेद) काढ, मनानेच, स्केल वगैरे राहू दे. बरेच जण तिथेच गळतात. तू जर म्हणालीस की पूर्वेचा कोअर माझा, सतरा रिव्हिजन, ही त्यातली पाच कारणं आणि हा बीम असा खाली आला, तर मी तुला दुसऱ्या दिवशी फोन करेन. दीड वर्षात का सोडलंस हे मी विचारेनच, पण ‘साइट मिळत नव्हती’ हे उत्तर या धंद्यात कुणालाही कळतं. खुद्द धंद्यालाच एकाच प्रकारचे तास पुरेसे वाटत नाहीत, अमेरिकेत लायसन्ससाठी ३,७४० तासांचा अनुभव नोंदवावा लागतो आणि तो सहा विभागांत वाटलेला लागतो, त्यात बांधकामाच्या काळातलं कामही येतं. तुझ्याकडचे नियम काय आहेत ते बघून घे आणि तुझं दीड वर्ष त्यात कुठे कुठे बसतं ते एका कागदावर मांड, चित्र आपोआप स्पष्ट होईल.

पोर्टफोलिओचं घाबरू नकोस पण वेडेपणाही करू नकोस. रात्री बसून सर्व्हरवरच्या फाइल पेन ड्राइव्हवर घेणारे मी पाहिलेत, ते करू नको, एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, तू सही केलेली आहेस. एचआरला किंवा प्रोजेक्ट लीडला लेखी विचार की काय दाखवता येईल आणि कधीपासून, बऱ्याच ठिकाणी बिल्डिंग जाहीर झाल्यावर छापून आलेल्या फोटोंसोबत आपला रोल लिहायला हरकत नसते. तोपर्यंत रोजची एक वही ठेव. तारीख, काय बदललं, का बदललं, कुणी सांगितलं, बस. आणि क्रेडिट. राइटची जी ड्रॉइंग १९१० मध्ये बर्लिनमध्ये छापून आली आणि अख्ख्या युरोपने बघितली त्यातली बरीच त्याच्या ऑफिसातल्या मॅरियन माहोनीच्या हातची होती, नाव राइटचं. १९९१ चं प्रित्झकर एकट्या रॉबर्ट व्हेंचुरीला दिलं, बरोबरीने काम केलेल्या डेनिस स्कॉट ब्राउनला नाही, आणि २०१३ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी मोहीम काढून हजारो सह्या जमवल्या तरी तो निर्णय बदलला नाही. त्या दोघी एवढ्या मोठ्या असताना हे झालं, तर तुझ्या-माझ्या जिन्याचं श्रेय कुणी आपणहून आणून देईल या भरवशावर राहू नको. सोडताना प्रोजेक्ट, स्टेज आणि तुझी जबाबदारी असं स्पष्ट लिहिलेलं अनुभवपत्र मागून घे, नुसतं ‘हार्डवर्किंग अँड सिन्सिअर’ वालं नको.

तासांचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतेय, कारण तू काम आणि तास दोन्ही एकत्र कालवलंयस. डेडलाइनच्या आठवड्यात रात्र होते, माझ्या ऑफिसातही होते. पण वर्षभर रोज अकरा म्हणजे डेडलाइन नसते, ते त्यांचं गणित असतं. क्लायंटकडून फी ठरलेली, कॉम्पिटिशनला बहुतेक वेळा फारसे पैसेच नाहीत, आणि तुझा जादाचा तास फुकट. मग सरांना बुधवारी रात्री आणखी सहा पर्याय बघावेसे वाटले तर का नाही बघायचे, त्यांच्या खिशातून काही जात नाही ना. ज्या दिवशी जादा तासाचे पैसे मोजावे लागतील त्या दिवशी ते सहाचे दोन होतील, आणि डिझाइन काही वाईट होणार नाही, बघ तू. हे मी एकटी म्हणत नाही, न्यूयॉर्कमध्ये शॉप आर्किटेक्ट्स नावाच्या फर्मच्या लोकांनी २०२१ च्या डिसेंबरमध्ये युनियन करतोय म्हणून जाहीर केलं, फेब्रुवारीत मागे घेतलं, पण त्याच २०२२ मध्ये बर्नहायमर आर्किटेक्चर नावाच्या छोट्या ऑफिसने आपल्या लोकांची युनियन स्वतःहून मान्य केली. तुझ्या ऑफिसात असं काही होईल असं मी म्हणत नाही. चार आठवडे आपले तास लिहून ठेव एवढंच, आणि त्यातले किती ‘आधी ठरवलं असतं तर लागले नसते’ या खात्यात जातात ते बघ. आणि झोप गेली असेल, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येत असेल, रडू येत असेल, तर हे पुढचं काही वाचू नको, सरळ सोड, डॉक्टरकडे जा, साइट वगैरे नंतर. यावर मी वाद घालणार नाही.

नऊ जणांच्या ऑफिसबद्दल मला उत्साह आहे पण तुझ्याइतका नाही. ‘सगळं करायला मिळेल’ हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात, कारण त्याचा एक अर्थ सगळं करायला मिळेल असा आहे आणि दुसरा अर्थ तुझं काम तपासायला कुणी नाही असा आहे. छोट्या ऑफिसात प्रिन्सिपल दिवसभर क्लायंटच्या मागे पळत असतो, तुझं ड्रॉइंग न बघताच साइटवर जातं, आणि मग चूक थेट काँक्रीटमध्ये. कारण तुझ्यापर्यंत न पोचण्याचा हा दुसरा प्रकार, इथे कारण सांगायला माणूसच जागेवर नसतो. त्यामुळे परत एकदा जा आणि विचार, आत्ता बांधकाम चालू असलेली कामं किती, साइटला कोण जातं, माझी ड्रॉइंग कोण तपासणार, पगार तारखेला होतो का. शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, तरी विचार. तिथून सोडून गेलेल्या एखाद्याला गाठ. त्यांची चार-पाच वर्षं जुनी एखादी बिल्डिंग बघून ये, रेलिंग हलतंय का, टॉयलेटच्या बाहेरच्या भिंतीला ओल आहे का, जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी बाकीच्यांएवढीच आहे का. यात नापास झालेल्या ऑफिसात तू काय शिकणार.

शाळा चालू आहे म्हणालीस ते मला आवडलं. छोटी शाळा म्हणजे जिना, टॉयलेट, वर्ग, पावसाचं पाणी, सगळं आहे आणि सगळं एका माणसाच्या डोक्यात मावतं.

मग करायचं काय. महिना आहे तुझ्याकडे, त्यातले दोन आठवडे या ऑफिसला दे. मोठ्या सरांकडे जाऊ नकोस, त्यांना तुझं नाव माहीत नाही हे मनाला लावून घेऊ नकोस, त्यांना तुझ्या टीम लीडचं नाव माहीत आहे तेवढं पुरे. लीडला सकाळी गाठ, संध्याकाळी सगळे चिडलेले असतात. तक्रारीचा सूर नको आणि राजीनाम्याची धमकी तर अजिबात नको, ऑफरचं बोलूच नको. सरळ म्हण की सर, कोअरच्या रिव्हिजन मी करतेय पण कोऑर्डिनेशन मीटिंगमध्ये मी नसते त्यामुळे मला कारण उशिरा कळतं आणि काम दोनदा होतं, मला मीटिंगमध्ये मागे बसू द्या, मिनिट्स मी लिहीन. मिनिट्स लिहायला कुणालाच नको असतं, हो म्हणतील. आणि म्हण की जिन्याचं पॅकेज मी शॉप ड्रॉइंग तपासण्यापासून साइटवर ओतेपर्यंत सांभाळते, महिन्यातून एकदा तरी साइटला न्या. बघ, यात तू उपकार मागत नाहीयेस, त्यांचंच काम वाचवतेयस.

मग गप्प बस आणि बघ. ‘हो हो, बघू या’ हे उत्तर धरायचं नाही. दोन आठवड्यांत तू प्रत्यक्ष एका मीटिंगमध्ये बसलेली असलीस आणि साइटची तारीख हातात असली तर माझं मत आहे की आणखी वर्षभर रहा, पाया आणि निदान दोन-तीन स्लॅब बघ, आणि छोट्या ऑफिसला नम्रपणे कळव की आत्ता नाही, पुढच्या वर्षी विचारेन, चांगली माणसं असतील तर लक्षात ठेवतात. तसं झालं नाही तर त्या शाळेवर जा. दोन्ही मार्गांनी तुझं भलंच आहे, बिनकामाचा पर्याय एकच, आत्ता जशी चाललीयस तशीच चालत राहणं.

आणि हो, दोन्ही नोकऱ्या सांभाळायचा विचार असेल, म्हणजे इथे राहून रात्री त्यांच्यासाठी थोडं थोडं, तर आधी तुझं कॉन्ट्रॅक्ट वाच. १८९३ मध्ये राइटला लुई सलिव्हन या आर्किटेक्टच्या ऑफिसातून बाहेर पडावं लागलं ते चोरून बाहेरची घरं करत होता म्हणून. त्याचं पुढे बरंच झालं, पण तो राइट होता, आणि रोज अकरा वाजता घरी येणाऱ्या मुलीला तेवढी रात्र उरतेच कुठे.

सोडलंसच तर नोटीस पिरियड पूर्ण कर आणि जिन्याची फाइल देताना सतरा रिव्हिजनची कारणं एका पानावर लिहून दे, जी माहीत नाहीत ती विचारून घे, तुझ्यानंतर त्या टेबलावर बसणाऱ्या पोरीला तरी कारण कळेल.

आता ते १.९५. बहुतेक ठिकाणच्या नियमांत जिन्यावरची हेडरूम दोन मीटर किंवा त्याहून जास्त लागते, म्हणजे तुझी लँडिंग जवळपास कुठल्याही नियमात बसत नाही, आणि तो फायरचा जिना आहे, धुरात माणसं खाली बघत पळत असताना डोकं त्या बीमला लागेल. मी कोण सांगणारी म्हणालीस. अख्ख्या टीममध्ये तो जिना रोज बघणारी एकटी तूच आहेस, तर दुसरं कोण सांगणार? कदाचित त्यांनी आधीच पाहिलं असेल, मग दोन ओळींचं उत्तर येईल, काही बिघडत नाही. कदाचित तू फिनिश्ड लेव्हल धरायला चुकली असशील, तेही आज पुन्हा एकदा मोजून घे, फ्लोअरिंगची जाडी धरलीस का बघ, कारण ती धरली नसशील तर १.९५ चे आणखी पाच-सात सेंटिमीटर कमी होतील. मग सेक्शन काप, बीमची खालची लेव्हल आणि लँडिंगची वरची लेव्हल दोन्ही लिही, मधला आकडा लाल कर, आणि लीडला मेल टाक, स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन लिहून. उद्यावर ढकलू नकोस, आजच पाठव, खोदकाम सुरू झालंय.

— ताई